कलम सातची हद्द

कायदे कोण करतं, सांगा पाहू? लोकप्रतिनिधी? छे! कायदे लघुलेखक करतो. म्हणजे मी! समितीत कोण काय बोललं ते मी लिहितो, आणि मी लिहिलं नाही ते कुणी बोललंच नाही, असा आमच्याकडचा नियम.

म्हणून तर मी मावशीला फोनवर छातीठोकपणे सांगितलं, "कलम सातची काळजी सोड. समिती माझ्या खिशात आहे!"

सीमा सुरक्षा विधेयकाचं हे कलम सात. सरहद्दीपासून पाचशे मीटरच्या पट्ट्यात लेखी परवानगीशिवाय फिरायला बंदी! आणि मावशीचं घर, विहीर, शेळ्यांचा गोठा, सगळं नेमकं त्याच पट्ट्यात. मला लहानाचं मोठं केलं ते तिनं, त्याच विहिरीच्या पाण्यावर. आता घागर घेऊन निघायचं तर आधी अर्ज! "तसं झालं तर मी घर सोडेन रे," ती म्हणाली.

बैठक भर दुपारची. पंखा गुणगुणत होता, पडदा हलत होता, आणि त्याच्या सावलीत नकाशावरची सरहद्दीची तांबडी रेघ हळूहळू वाहू लागली. मी पाहतच राहिलो. रेघेची नदी झाली. काठाला शेळ्या आल्या. लांबून मावशीनं हाक मारली... काय सुख वाटलं म्हणून सांगू! इतक्यात अध्यक्ष कडाडले, "हद्द झाली!"

मी दचकलो आणि लिहिलं, 'कलम सात. अध्यक्ष : हद्द झाली.' मागचं-पुढचं बोलणं देव जाणे!

कागद अवर सचिवांकडे गेला. हा गृहस्थ किराणा मालाच्या यादीतही पूर्णविराम देतो.

"'हद्द झाली' म्हणजे काय?"

"अध्यक्षांचे शब्द आहेत, साहेब."

"मग अर्थ असणारच!"

आणि त्यांनी भाषा शुद्ध केली : 'हद्द निश्चित झाली असल्याने कलम सात वगळावे, असे अध्यक्षांचे मत पडले.'

मी चक्क गप्प बसलो. मावशीची विहीर सुटत होती ना!

पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवलं. समोरचे सदस्य लगेच म्हणाले, "मला चांगलं आठवतंय!" हे त्या दिवशी माझ्याही आधी घोरत होते. शेजारचे म्हणाले, "अनुमोदन मीच दिलं होतं!" बघता बघता सगळ्यांना आठवू लागलं. अध्यक्षांनीसुद्धा मान डोलावली.

सीमादलाचे अधिकारी तेवढे ताडकन उभे राहिले. "हद्द निश्चित झाली? कधी? शेजारच्या देशाला कळवलं का? माझी चाळीस माणसं तिथं पहाऱ्याला उभी आहेत. त्यांना काय घरी पाठवू?"

चाळीस माणसं! मी उठलो. "साहेब, मला डुलकी लागली होती. मी 'हद्द झाली' एवढंच ऐकलं."

"मग मी 'हद्द झाली' कशाला म्हणालो?" अध्यक्षांनी विचारलं.

"तिसऱ्यांदा बिनसाखरेचा चहा आला होता," कोपऱ्यातल्या सदस्यबाई शांतपणे म्हणाल्या.

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. "तुमच्याकडे नंतर बघतो! आधी कलम सात पुन्हा वाचा. मोठ्यानं. आणि सगळे जागे राहा! समिती असते कशाला?"

मी वाचलं. बाईंनी विचारलं, "तिथं आधीपासून राहणाऱ्यांनी पाण्याला कसं जायचं?"

"त्यांना आम्ही ओळखतो," अधिकारी म्हणाले. "धास्ती असते ती अनोळखी माणसाची."

मग तासभर घासाघीस झाली आणि दुरुस्ती ठरली. रहिवाशांना पूर्ण मोकळीक. पाहुण्यांनी मात्र घरमालकाची लेखी संमती घ्यावी. मी अक्षर न् अक्षर टक्क जागेपणी लिहिलं.

माझं ताकिदीवर भागलं. मावशीला फोन केला तेव्हा ती नुसती नाक ओढत राहिली.

कायदा लागू झाल्यावर सुट्टीत तिच्याकडे जावं म्हणून मी छापील नमुन्यात तिला संमतीचा अर्ज पाठवला. काल तो परत आला. 'मंजूर'वर खूण नाही, 'नामंजूर'वर नाही. तिसऱ्या चौकोनावर ठसठशीत खूण : 'विचाराधीन'!

मी तडक फोन लावला. "मावशी, हे काय?"

"घाई करू नकोस," ती म्हणाली, "शेळ्यांशी चर्चा चालू आहे!"