पावडरीचा अबोला

“विचारा तुमच्या चिरंजीवांना, घर बघायला यायचंय की नाही!” गाऊनवालीने शिलाई मशीनचं चाक थांबवून सासूबाईंना फर्मान सोडलं.

“आई, हिला सांग, मी दाढी करतोय. अर्ध्या दाढीने मी कुणाच्या दारात जात नसतो,” बोळातल्या अंधारातून चिरंजीवांचा आवाज आला.

“दोघांनाही ऐकू येतंय,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या तोंडाला जरा विश्रांती द्या.”

घरात चार दिवस अबोला होता, आणि त्याचं कारण होतं पावडर.

गाऊनवाली वकिलांचे काळे गाऊन शिवायची. हात असा की खांद्यावरच्या चुण्या मोजून घ्याव्यात, पण जागेच्या नावाने बोंब. एक खोली, एक स्वयंपाकघर, मध्ये बोळ आणि उजेडाची खिडकी एकच. त्या खिडकीशी तिचं मशीन आणि त्याच खिडकीशी नवऱ्याचा दाढीचा आरसा. नवरा बस डेपोत टाईमकीपर होता. दाढी झाली की तो डबा तळहातावर उपडा करायचा, टाळी वाजवायचा आणि गाल, मान, गळा असा सगळा मुलूख सर करायचा. निम्मी पावडर त्याच्या अंगाला लागायची, निम्मी हवेत जायची. हवेतली कुठे उतरायची, हे काळ्या कापडाला विचारावं.

मागच्या आठवड्यात ती एका तयार गाऊनवर उतरली. झटकली तर चुण्यांत आणखी खोल गेली. न्यायला आलेल्या वकीलबाईंनी दारातच गाऊन झटकला, तीनदा शिंकल्या आणि म्हणाल्या, “बाई, मी वकील आहे. बेकरी नाही चालवत.”

त्या संध्याकाळी गाऊनवालीने नवऱ्याला बजावलं, “या घरात एक तर ती पावडर राहील, नाहीतर मी!”

नवरा विचारात पडला. तो विचारात पडला, याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

“आमचे वडील लावायचे,” बऱ्याच वेळाने तो म्हणाला. “दाढी करून पावडर न लावणं म्हणजे अंघोळ करून अंग न पुसणं.”

झालं. अबोला सुरू. लग्नापासून त्यांच्या अबोल्याला एकच कायदा होता: जो आधी बोलेल तो हरला आणि भांडण दुसऱ्याच्या मनासारखं मिटलं. म्हणजे ती आधी बोलली असती, तर पावडर जन्मभर घरात. तिने ओठ घट्ट मिटले, आरसा खिडकीतून काढला आणि बोळात नेऊन टांगला. बोळात होल्डर होता, पण बल्ब नव्हता. “आता उधळा म्हणावं,” असं ती सासूबाईंना म्हणाली.

आज त्याने उधळली. तिच्या नाकावर टिच्चून दुप्पट उधळली. टाळीचा आवाज मशीनपर्यंत आला. तिने मान वर केली नाही.

“सासूबाई, निघायचं ना?”

“मी नाही बाई येत,” सासूबाईंनी पाय पसरले. “तुमचे निरोप रस्ताभर पोचवत फिरायला माझ्या गुडघ्यांत जीव नाही.”

तर दोघं निघाले, तो पुढे, ती मागे. कोपऱ्यावर ऊन लागलं, तो रस्ता ओलांडायला वळला आणि तिला त्याचं तोंड दिसलं.

एक गाल पांढराफटक, दुसरा ठिगळाठिगळांचा. एक भुवई म्हातारी झालेली. कानाच्या पाळीवर एवढा ढीग, की फुंकर मारली तर शेजारचा माणूस खोकावा. आणि हे ध्यान आता घरमालकाला म्हणणार, आम्ही नीटनेटकी माणसं आहोत!

तिला आधी हसू आलं. मग ते घर आठवलं. वर दोन खोल्या, त्यातल्या एकीला मोठी खिडकी. मशीन तिचं, खिडकी तिची, दार लावून घेता येईल अशी खोलीही तिची. घरमालक म्हणे माणसं पारखून घेतात, दोन बिऱ्हाडं तर दारातूनच परत पाठवलेली. आणि सांगायला तोंड उघडावं, तर भांडण गेलं!

ती एका दुकानाच्या काचेसमोर थांबली. हा बघेल, आपसूक दिसेल. नवऱ्याला वाटलं, हिला आता नटायचं सुचतंय. त्याने घड्याळाकडे बघितलं.

तिने रुमाल काढून स्वतःचा गाल पुसला. मग दुसरा. मग कान, अगदी ठसक्यात. नवरा क्षणभर विरघळला. त्याला वाटलं, पश्चात्तापाने रडतेय. पण ती कान कशाला पुसतेय ते त्याला कळेना, म्हणून तो पुन्हा ताठ झाला.

“काय काका,” सायकलवरून जाणारा एक जण ओरडला, “घरी रंगकाम काढलंय वाटतं?”

“तुला काय करायचंय रे? आम्ही घरच बदलतोय!” टाईमकीपर गरजला. मान फिरली तसा कानावरचा ढीग शर्टाच्या खांद्यावर आला. तिने कपाळावर हात मारला.

घर आलं. तिने मान वर करून बघितलं. खिडकी ऐकली होती त्याहून मोठी होती आणि उजेड तिच्यात भरून सांडत होता. आता निदान दारात तरी याचं तोंड पुसावं, म्हणून तिने रुमाल उगारला, तोच दार उघडलं.

दारात घरमालक उभे होते. ताजी दाढी. दोन्ही गाल पांढरे, मान पांढरी, बनियनचा गळासुद्धा पांढरा.

दोघा पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं.

“दाढीनंतर?” मालकांनी विचारलं.

“दाढीनंतर.”

“या, या, आत या! अहो, पावडर लावणारा माणूस राहिलाय कुठे आता! हल्लीची पोरं कसलं ते हिरवं पाणी चोपडतात. बसा.”

गाऊनवालीच्या डोक्यात तिडीक उठली. ज्या पावडरीने घर जायचं, तिच्याच जिवावर हा आता कोचावर ऐसपैस बसला होता! तेवढ्यात मालकीणबाई आल्या. मालकांपासून हातभर अंतरावर बसल्या आणि गाऊनवालीला म्हणाल्या, “यांना सांगा, पाहुण्यांना पंखा लावा.”

गाऊनवाली गोंधळली. मालक टाईमकीपरला म्हणाले, “यांना म्हणावं, बटण त्यांच्याच डोक्यामागे आहे.”

“आमचं बोलणं नाही,” मालकीणबाईंनी खुलासा केला. “मुलीच्या लग्नाआधीपासून. या पावडरीवरूनच. माझी काळी शाल होती हो एक, नवी कोरी. निरोप पोचवायला मुलगी होती, ती सासरी गेली. म्हणून भाडेकरू ठेवतो. मी तुम्हाला सांगायचं, तुम्ही तुमच्या यांना, हे आमच्या यांना. आधीची जोडी तशी चांगली होती, पण एकाची दिवसपाळी, एकाची रात्रपाळी. दूध गॅसवर आहे हा निरोप दुसऱ्या दिवशी पोचला. तेव्हा आमची अट एकच. तुमचं दोघांचं आपसांत बोलणं आहे ना?”

पंखा कुणी लावलाच नव्हता, त्यामुळे खोलीत फारच शांतता पसरली.

नवऱ्याने छताकडे बघितलं. तो बोलणार नव्हता. वडिलांची पावडर होती ती. गाऊनवालीने मालकीणबाईंकडे बघितलं. त्या बोलताना आपल्या नवऱ्याच्या दिशेने वळायच्या, आणि मान अर्ध्यावर आली की सवयीने थांबायच्या. उद्या आपलीही मान अशीच अडणार, या विचाराने तिला राग आला, आणि मग चार दिवसांचा सगळाच एकदम वर आला.

“अहो!” ती कडाडली. नवरा कोचावरून वीतभर उडाला. “थोबाड बघितलंत का स्वतःचं? भुवई बघा! कान बघा! माणूस आहात की भिंत? मी मेली रात्र रात्र चुण्या घालते आणि तुम्ही वरून पीठ भुरभुरवता! एकदा, एकदा तरी वाटलं का, की हिच्या कापडावर रुमाल टाकावा?”

“आरसा तूच नेलास ना अंधारात!” नवरा ओरडला. “आणि रुमाल टाका असं सांगितलंस का कधी? थेट घर सोडायची भाषा!”

“सांगायला लागतं?”

“लागतं!”

“अगंबाई,” मालकीणबाईंचे डोळे चमकले. “छान बोलता की तुम्ही! आता हेच यांनाही सांगा. शब्दाला शब्द. ते रुमालाचं विसरू नका.”

गाऊनवाली मालकांकडे वळली आणि तिने सांगितलं. कापडाच्या जागी शाल घातली, बाकी काही बदललं नाही. मालक ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी बनियनच्या टोकाने आधी एक कान पुसला, मग दुसरा. मग टाईमकीपरच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटले.

टाईमकीपरने घसा साफ केला आणि बायकोकडे तोंड करून नेहमीच्या आवाजात म्हणाला, “अगं, मालक म्हणतायत, शालीचं चुकलंच. आणि वरची किल्ली द्यायला सांगतायत.”

मालकीणबाईंनी सगळं ऐकलं होतं. तरी त्या किल्ली मुठीत धरून, मान पुढे काढून वाट बघत राहिल्या.

“ते म्हणतायत, शालीचं चुकलं,” गाऊनवालीने सांगितलं.

“असं म्हणाले?” मालकीणबाई हरखल्या. “पुन्हा एकदा सांगा.”