पान दोनशे शहाऐंशीचा थांबा

आमच्या शेजारचे नाना टीव्ही बघायला बसतात ते मांडीवर पुस्तक, हातात वही आणि कानावर लाल पेन्सिल घेऊन. संध्याकाळी सातला मालिका सुरू झाली, की नांदुऱ्यातल्या आमच्या गल्लीला त्यांचा आवाज ऐकू येतो, "अबे, थांबा सुटला! काऊन नाही घेतला?"

नाना जन्मभर बस स्टँडवर कंट्रोलर होते. कोणती गाडी केव्हा आली, कुठल्या थांब्याला न थांबता गेली, हे टिपण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, वही सुटली नाही. ही मालिका ज्या जाडजूड कादंबरीवर बेतली आहे, ती त्यांना जवळजवळ पाठ आहे. मालिकेनं एखादा प्रसंग गाळला की लाल शेरा. पुस्तकात नसलेलं पात्र घुसवलं, तर त्याच्यापुढे 'विनातिकीट'.

"तुमीच सांगा मास्तर," ते मला म्हणतात, "पुस्तकात गोदाआत्या फाटक्या लुगड्यानं चूल फुकते. अन् इथं शालू नेसून भाकरी थापून राह्यली! कोनाच्या लग्नाले चालली?"

मी शाळामास्तर, त्यातून चेष्टेखोर. मालिकेची बाजू घेऊन त्यांना चिडवायचं, हा माझा रोजचा विरंगुळा.

गेल्या आठवड्यात मात्र नाना गप्प झाले. मालिका पान दोनशे शहाऐंशीच्या जवळ आली होती. त्या पानावर गोदाआत्या तापानं मरते. सगळं घर एकटीनं सांभाळणारी म्हातारी. नानांनी दोन दिवस मला चहालाही हाक मारली नाही. त्यांना आता मोठी चूक पकडायची आहे, असं मला वाटलं. मंगळवारी मी मजा बघायला मुद्दाम जाऊन बसलो.

पडद्यावर वैद्य आला, त्यानं नाडी धरली. नानांनी पुस्तक मिटून छातीशी घेतलं. आणि गोदाआत्यानं डोळे उघडून पाणी मागितलं. मालिकावाल्यांनी तिला चक्क जगवलं होतं.

"नाना, थांबा सुटला!" मी टाळी वाजवली. "मारा लाल शेरा!"

पेन्सिल कानावरच राहिली.

"हा थांबा म्याबी घेतला नव्हता, मास्तर."

तीन वर्षांपूर्वी काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, अंथरुणाला खिळल्या. नजर गेलेली. नाना त्यांना हीच कादंबरी रोज दहा पानं वाचून दाखवत. काकूंचा सगळा जीव गोदाआत्यावर. सकाळी औषधाच्या आधी विचारायच्या, "आत्या बरी हाये ना हो?"

"ते पान आलं," नाना म्हणाले, "अन् म्या मनानंच वाचलं. ताप उतरला, आत्या उठून बसली. पुढंबी तसंच, तिले जित्ती ठिवून. तुमची काकू हासली. म्हने, मंग मीबी होते बरी."

पुस्तक संपायच्या आधीच काकू गेल्या. त्या गेल्या एवढंच मला माहीत होतं. बाकीचं माहीत नव्हतं, आणि मला माझ्या टाळीची फार लाज वाटली.

टीव्हीवर गोदाआत्या भिंतीला टेकून पेज पीत होती. नानांनी वही उघडली, कानावरची लाल पेन्सिल काढून बाजूला ठेवली आणि माझ्याकडचं पेन मागून घेतलं. तारखेपुढे त्यांनी सावकाश लिहिलं, 'गाडी मार्गावर. आत्या बरी.'