श्रीरंग बेलसऱ्यांचं केरळ

रविवारी दुपारी ईप्सिताचे होणारे सासरे पहिल्यांदा घरी येणार होते, आणि अकरा वाजल्यापासून श्रीरंग बेलसरे जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या फ्लॅटमध्ये गुडघ्यावर दुमडलेली पांढरीशुभ्र लुंगी नेसून केळीची पानं पुसत होते.

लुंगी नव्हे, मुंडू. गेली तीन वर्षं बेलसरे ऑफिसातून आले की सोफ्यावरून थेट केरळात उतरत. मल्याळम सिनेमा लागला की खिडकीबाहेरचा बर्फ विरघळे, हिरवं पाणी संथ हलू लागे, टपरीवर चहाची धार उंचावरून पडे आणि एखादा म्हातारा पाच मिनिटं काही न बोलता नुसता बसून राही. तेवढ्यानेही बेलसऱ्यांचे डोळे भरून येत. भाषा ओ की ठो कळत नव्हती, पडद्याखालच्या इंग्रजी ओळींवर सगळा संसार. त्यात पोरीने नेमका कुरियन या अस्सल मल्याळी आडनावाचा मुलगा पसंत केला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन!

"अहो, स्वतःच्या लग्नात धोतर नेसायला लाजलात," पुरणपोळी लाटता लाटता मुक्ताबाई म्हणाल्या, "आणि आता हे?"

"त्यांना परकं वाटायला नको गं. एकुलती एक पोर आपली. माणसं दुखावली आणि जमलेलं फिसकटलं तर?"

"पापा, बिट्टे, प्लीज, पॅन्ट घाल!" ईप्सिता काकुळतीला आली.

"तुला नाही कळायचं. मोठं माणूस समोर आलं की दुमडलेला मुंडू खाली सोडायचा. नाहीतर अपमान होतो. शंभरदा पाहिलंय मी."

बेल ठरल्या मिनिटाला वाजली. बेलसऱ्यांनी धावत जाऊन दार उघडलं. समोर सूट-टायमधले थोरले कुरियन, मागे त्यांचा मुलगा योनास. बेलसऱ्यांनी अदबीने मुंडू खाली सोडला. दुमड सुटली, तिच्याबरोबर कमरेची गाठही सुटली आणि सगळा आदर पायपुसण्यावर जाऊन पडला. उरले बेलसरे आणि त्यांची थंडीतली लोकरी विजार.

ईप्सिताने डोळे मिटून घेतले. मोडलं लग्न, बेलसऱ्यांच्या मनात आलं. धरणी पोटात घेईल तर बरं, पण फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता.

कुरियन वाकले. त्यांनी मुंडू उचलला, पण परत दिला नाही. जरीच्या काठावरून बोटं फिरवत राहिले.

"पहिल्यांदाच हातात धरतोय," ते जर्मनमध्ये हळूच म्हणाले.

"म्हणजे?"

"माझा जन्म इथलाच, र्युसेल्सहाइमचा. आई नर्स म्हणून आली, ती इथलीच झाली. केरळ मी पाहिलंच नाही. योनास म्हणाला, तुम्हाला तिथलं सगळं माहीत आहे. तुम्ही काय काय विचाराल या धास्तीने आठवडाभर झोप नाही मला."

जेवायला बसल्यावर त्यांनीच विचारलं, "कसं आहे हो तिकडे?"

बेलसरे सांगू लागले. होड्या, सुपारीच्या बागा, टपरीवरची राजकारणाची भांडणं, दारात दिवसभर कुणाची तरी वाट पाहणाऱ्या बायका. पानावरची पोळी निवली. कुरियन ऐकत होते आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं.

"आई अगदी असंच सांगायची," ते म्हणाले. मग डोळे पुसून ताठ बसले. "लग्न तिकडेच लावू! आमचं तिथे कुणी उरलं नाही. वऱ्हाड तुम्हीच न्या. सगळी वाट तुमच्या पायाखालची."

मुक्ताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. कोल्हापूरच्या खाली उभ्या जन्मात पाऊल न टाकलेला तो माणूस छाती पुढे काढून म्हणाला, "अगदी बरोबर! गेनाऊ!"