फाटकाच्या दोन उजव्या झडपांची हकीकत

श्रीऐरण प्रसन्न. हातोडा, पकड, कानस आणि त्यांस धरणारे हात यांस प्रथम वंदन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान घडले ते जैसे घडले तैसे लिहिले आहे. कोणाची भीड धरिली नाही, आणि संवत्सराचे नावच क्रोधी, तेव्हा दोन शब्द तिखट पडले तर दोष संवत्सराचा जाणावा.

कोणी एक प्रांत होता. त्यात सात हायस्कुले सात गडांप्रमाणे आपापल्या टेकाडावर बसलेली, आणि प्रत्येक गडाचा हेडमास्तर किल्लेदार, आणि किल्लेदारांचे आपसांत कधी पटले नाही. दहावीचा निकाल लागला की चौकाचौकांत फलकांची लढाई व्हावी, आणि ज्याचा फलक उंच तो जिंकला ऐसे मानावे. मग एके काळी कोणी शहाणा सुभेदार त्या प्रांती आला, त्याचे नाव कोणी ध्यानी ठेविले नाही हा प्रांताचा कृतघ्नपणा, आणि त्याने विचार केला की मुलांस हातांचे शिक्षण द्यावे तर यंत्रे घेणे एकेका गडास झेपणार नाही, याजकरिता सातांच्या मध्ये माळावर एकच शिल्पशाळा बांधावी, आणि अकरावी-बारावीच्या मुलांनी सकाळी तेथे यावे, वेल्डिंग, मोटारदुरुस्ती, रुग्णसेवा, गवंडीकाम, ज्यास जे रुचेल ते शिकावे, आणि दुपारी आपल्या गडी परतून पुस्तके वाचावी. शाळा उभी राहिली. आणि मग किल्लेदारांनी काय केले, तर गणितात जी मुले नापास ती तेवढी माळावर धाडिली, आणि शिल्पशाळेस ‘पांजरपोळ’ ऐसे नाव पाडिले. हेच नाव पाडणारे, घरचा नळ गळू लागला की त्याच पांजरपोळातून मूल बोलावून नेत, आणि त्यास चहा बाहेर ओट्यावर देत. ऐसे लोक. त्यांजविषयी अधिक लिहीत नाही, शाई चांगली आहे.

आता वरच्या हायस्कुलाचे किल्लेदार घोलप सर म्हणून होते, संस्कृत शिकवीत, आणि त्यांस एकच कन्या, तिचे नाव मोठ्या हौसेने मृण्मयी ठेविले. कन्या पुस्तकात हुशार. एके दिवशी सरांची स्वारी तपासणीस म्हणून शिल्पशाळेत गेली तेव्हा ही संगती होती, आणि सर कचेरीत चहा घेत बसले, आणि ही वेल्डिंगच्या खोपटापाशी उभी राहिली. तेथले उस्ताद याकूब शिकलगार म्हणून, मोठे तापट, बोलण्यास मोकळे, त्यांनी विचारिले, “काय गं, बघतेस काय? डोळे जातील. हे धर.” आणि काळ्या काचेचा मुखवटा तिच्या हाती दिला. तिने तो लाविला, आणि सगळे जग काळे जाहले, आणि त्या काळोखात लोखंड वितळून दोन तुकड्यांचा एक होताना तिने पाहिला. मग ती घरी परतली ती निराळीच परतली. अकरावीस तिने वेल्डिंग मागून घेतले. उस्तादांस तिचे नाव उच्चारेना, ते तिला मिनाबाई म्हणू लागले.

घरी मोठा संग्राम जाहला. सर बोलिले, “हा वेडेपणा आहे.”

“का पण, बाबा?”

“उद्या कोणाच्या लग्नात पंगतीला बसलो आणि शेजारच्यानं विचारलं, मुलगी काय करते, तर मी काय सांगू? वेल्डिंग करते?”

“हो. तेवढंच सांगा. मग भात वाढायला सांगा.”

तेव्हा आई हसली, आणि सर हसले नाहीत. परंतु माणूस वाईट नव्हे, लेकीवर जीव, म्हणून तडजोड केली, की मार्गशीर्षापर्यंत शिल्पशाळेतून तू असे एक काम करून दाखव की चार लोकांत त्यास नावे ठेवता येऊ नयेत, तर मी पुन्हा बोलणार नाही, नाहीतर मार्गशीर्ष सरताच शहरी मावशीकडे जायचे, शिकवणीस बसायचे, आणि डॉक्टरकीची परीक्षा द्यायची. मृण्मयीने मान्य केले. तिला ठाऊक होते की शहरी गेली म्हणजे मुखवटा कायमचा सुटला.

इतक्यात दरबारातून खबर आली की शिक्षणखात्याच्या दिवाण केळुसकरबाई जातीने येणार, आणि शिल्पशाळा राखावी की मोडून त्या जागी सभागृह बांधावे याचा निवाडा करणार. मग उस्तादांनी ठरविले की शाळेस आजवर फाटक नाही, तर पोरांच्या हातचे फाटक करून त्या दिवशी चढवावे. दोन झडपा. डावी वरच्या हायस्कुलाच्या मुलांनी करावी, तिजवर पत्र्याची अक्षरे ‘प्रांतिक’, आणि उजवी खालच्या हायस्कुलाच्या मुलांनी, तिजवर ‘शिल्पशाळा’. वरच्यांची नाईक मृण्मयी, खालच्यांचा नाईक प्रज्वल शेडगे. आणि या दोन गडांचे वैर तर पूर्वापार, क्रिकेटपासून गणपतीपर्यंत. तेथली रीत ऐशी की काम करण्यापूर्वी जमिनीवर खडूने पुरत्या मापाची आकृती काढावी, आणि तिजवर लोखंड मांडून जोडावे. उस्तादांनी एका झडपेची आकृती काढिली, खांबाच्या खुंट्यांवर अडकवायची दोन लोखंडी कडी उजवीकडे दाखविली, आणि मोटारवाल्यांच्या भांडणात धावले, ते दुसरी काढावयाचे विसरले. मग वरची मुले एक दिवस येत आणि खालची दुसरे दिवशी, आणि दोघेही आपली झडप त्याच एका आकृतीवर मांडीत, आणि जाताना ताडपत्रीने घट्ट झाकून सुतळीने बांधीत, की शत्रूने पाहू नये. शत्रूने पाहिले असते तर बरे जाहले असते.

मृण्मयीने आपल्या झडपेत जीव ओतला. समोरून पत्रा येणार, मागचे सांधे कोणास दिसणार नाहीत, म्हणून मुले म्हणाली, “मागं कशाला एवढी घासतेस? लांबीची पुट्टी भर नि रंग मार.” ती म्हणाली, “लांबी पुटकन निघते.” आणि मागच्या एकेका सांध्याची वेल्डिंगची रेघ तिने स्वतः ओढिली, आणि वाकडी आली ती कापून पुन्हा ओढिली.

मग तो दिवस उगवला. सातही किल्लेदार कडक इस्त्रीत हजर जाहले, घोलप सर पुढे. ताडपत्र्या सोडिल्या. प्रज्वलच्या लोकांनी आपली झडप उचलून उजव्या खांबाच्या खुंट्यांवर बसविली, ती डौलात बसली आणि टाळ्या पडल्या. मग मृण्मयीच्या लोकांनी आपली उचलून डाव्या खांबापाशी नेली, आणि कडी पाहतात तो खांबाकडे नाहीत, मधल्या बाजूस. झडप उजवीच. दोन्ही उजव्या. प्रांतभर डावी झडप म्हणून नाही.

मग किल्लेदारांत एक हसला आणि त्यामागे दुसरा, आणि कोणी म्हणाला, “पांजरपोळच तो.” उस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. “माझी चूक. लिहून घ्या, याकूब गाढव आहे. पोरांनो, कापा कडी, दुसरीकडे लावू.” मुले यंत्राकडे धावली, तो वीज गेलेली. मंडळात फोन केला तर म्हणाले, दुपारी येईल. आणि दिवाणबाईंची गाडी चढाला लागलेली दिसत होती.

घोलप सर लेकीकडे पाहून नुसते “हं” म्हणाले, आणि त्या ‘हं’मध्ये मावशीचे घर, शिकवणी आणि शहराची गाडी, सगळे होते. मग मृण्मयी झडपेभोवती एक फेरी फिरली, आणि थांबली, आणि म्हणाली, “फिरवा. हिचं तोंड आत करा. कडी खांबाकडे येतील.”

तिची मुले बिथरली. “आपलं नाव आत? आणि बाहेर खालच्यांचं?”

“बाहेरून शिल्पशाळा तरी वाचता येईल. चला, उचला.”

“अगं, पण पाठ रस्त्याकडे येईल. सगळे सांधे उघडे. एक जरी—”

“माहीत आहे मला. उचल.”

आणि मुलांनी उचलली, तरी लोखंड भारी, कडी खुंट्यांवर बसेनात. तेव्हा प्रज्वल शेडगे, जो शत्रू, तो आपली टोळी घेऊन पुढे आला आणि खांदा लाविला. म्हणाला, “वरचे लोक नुसते मार्कांनी जड. सरका.” झडप बसली. फाटक मिटले. उजवीकडे चकचकीत पत्रा आणि ‘शिल्पशाळा’, आणि डावीकडे उघडी पाठ, आडव्या-उभ्या सळ्या, आणि प्रत्येक ठिकाणी सांधा, लपवावयास काही जागा नाही. मृण्मयीने ओढणीचे टोक मुठीत धरिले होते.

दिवाणबाई उतरल्या. किल्लेदार हार घेऊन धावले, बाईंनी हार हाती घेऊन दुसऱ्याकडे दिला, आणि फाटकापाशी जाऊन डाव्या झडपेवर वाकल्या, आणि एका सांध्यावरून बोट फिरविले, मग खालच्या, मग त्याखालच्या. बाईंचे वडील गोदीत वेल्डर होते हे कोणास ठाऊक नव्हते, त्यांनी स्वतःच मागाहून सांगितले. मान वर न करता विचारिले, “हे सांधे कोणाचे?”

उस्ताद तोंड उघडणार, तो घोलप सर पुढे जाहले. इतकी वर्षे सुभाषिते शिकविली, परंतु त्या समयी शब्द जुळवावयास त्यांस वेळ लागला. मग म्हणाले, “आमच्या मृण्मयीचे. माझी मुलगी. वेल्डिंग करते.”

सहाही किल्लेदारांनी ऐकिले. मृण्मयीनेही ऐकिले, आणि ती उगाच खुंट्याला ग्रीस लावावयास वळली, आणि खुंट्यास ग्रीस आधीच होते.

तात्पर्य ऐसे की शाळा राहिली, कन्याही राहिली, आणि सभागृह दुसऱ्या कोणा प्रांती गेले. दुपारी वीज आली, परंतु कडी कोणी कापिली नाहीत. आत जाणारास ‘शिल्पशाळा’ दिसते, बाहेर पडताना ‘प्रांतिक’ दिसते, आणि झडप उलटी म्हणून तिचा अडसर रस्त्याच्या अंगास राहिला, तेव्हा बाहेरून येईल त्याने स्वहस्ते काढावा आणि आत यावे, कोणास विचारणे नलगे. जो सुभेदार विसरला गेला त्यास, आपली चूक मोठ्याने बोलणाऱ्या उस्तादास, खांदा लावणाऱ्या शत्रूस, आणि चार लोकांत एक वाक्य बोलणाऱ्या बापास लिहिणाराचा साष्टांग नमस्कार. हसणारांस काही नाही. त्यांचे नळ गळोत.