डब्यातले शंकरराव

"विठा, ह्या डब्याला देवासारखं जप. घरातलं सगळं आता ह्याच्यातच हाय."

हौसरावांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पार खोल गेला होता, पण बोट नेमकं टीव्हीशेजारच्या कोनाड्याकडं होतं. कोनाड्यात एक काळा, चौकोनी डबा होता आणि त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. बायकोसाठी दुसरं काही सांगायचं राहिलं असेल तर तेही त्या बोटातच आलं असणार, असं धरून विठाबाईंनी मान डोलावली. सोमवार, संकष्टी, एकादशी आणि नवऱ्याचा शब्द, यांतलं काहीही त्यांच्या हातून कधी मोडलं नव्हतं.

त्यामुळं खंडेनवमीला डबा बंद पडला, त्यात त्यांना कुणी दोष देऊ शकत नाही. देवासारखं जपायचं म्हणजे काय करायचं, हे त्यांना कुणी वेगळं शिकवण्याची गरज नव्हती. त्या दिवशी घरातल्या विळ्या-कोयत्यांची, ट्रॅक्टरची, पाण्याच्या मोटारीची पूजा झाली. मग त्यांनी डब्यावरचं विणलेलं झाकण काढलं, डब्याला हळदीकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी डब्यावर शिंपडलं. डब्याच्या अंगाला जाळी होती. प्रसाद आत गेला. हिरवा दिवा तांबडा झाला, आतून फूत्कारल्यासारखा आवाज आला आणि दिवा विझला.

"पावला," विठाबाई पुटपुटल्या आणि त्यांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून घरी आलेल्या दत्तानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, डबा पालथा केला तेव्हा जाळीतून कुंकवाचा लगदा पडला.

आता हौसरावांविषयी, म्हणजे गावाच्या आबांविषयी, थोडं सांगितलं पाहिजे. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला जीपनं जाणाऱ्या गावांपैकी एका गावात ते दूध सोसायटीचे माजी अध्यक्ष होते. माजी झालेल्या माणसाला जसं काहीतरी अभियान लागतं, तसं त्यांनाही लागलं. पुण्यात कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि त्यांनी 'कागदमुक्त आळी' अभियानाची स्थापना केली. अध्यक्ष तेच, सचिव तेच. माहिती साठवायचा डबा दत्तानं आणला, कागद मात्र साऱ्या आळीनं आणले. सातबारे, पावत्या, लग्नपत्रिका, दाखले आणि घराघरातल्या भिंतींवरचे, ट्रंकेतले, देवघराच्या मागचे फोटो. दत्तानं सगळं स्कॅन करून डब्यात घातलं. मग होळीच्या दिवशी मान्यवरांच्या उपस्थितीत कागद पेटवण्यात आले. लोकांनी रीतसर बोंब मारली. ती होळीची होती, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. अभियानाला तालुक्याकडून प्रशस्तिपत्र मिळालं. ते कागदाचं असल्यामुळं तेही स्कॅन करून पुढच्या होळीत घालण्यात आलं.

पहिल्या होळीत आळीच्या टोकाला राहणाऱ्या सोजरबाईंचाही एक फोटो होता. एकच. त्यांचे मालक शंकरराव दौंडकडच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले त्या दिवशी कारखान्याच्या फाटकापाशी कुणीतरी त्यांचा फोटो काढला होता. पांढरा सदरा, गळ्यात हार, चेहऱ्यावर थोडं हसू. एरवी त्यांना फोटोचं वावडं होतं. ओळखपत्रावर एक फोटो होता, पण त्यात ते स्वतःचेच कुणीतरी चुलतभाऊ दिसत. सोजरबाई फोटो द्यायला तयार नव्हत्या. हौसरावांनी त्यांना समजावलं, "सोजरबाई, भित्तीवर वाळवी लागती. डब्यात न्हाई लागत." हे खरंच होतं. डब्याला वाळवी लागली नाही. शंकरराव गेले ते मागल्या वर्षी, हौसरावांच्या थोडं आधी.

हौसरावांच्या फोटोची मात्र चिंता नव्हती. त्यांच्या निधनानंतर चौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा चांगला रुंद फ्लेक्स लागला होता. दशक्रियेनंतर तो घरी आला आणि सध्या कडब्याच्या गंजीवर असतो. विठाबाई सकाळी शेण काढायला गेल्या की हौसराव गंजीवरून त्यांच्याकडं बघत.

"आई, डिस्क चांगल्या हायत," दत्ता म्हणाला. "बोर्ड गेलाय फक्त."

"मंग बोर्ड बदल."

"बदलून भागत न्हाई. आतलं सगळं एन्क्रिप्ट केलंय. म्हंजी कुलूप घातलंय. किल्लीची फाईल असल्याबिगर नवा बोर्ड त्याला ओळखणार न्हाई."

"मंग किल्ली काढ की."

दत्ता डबा पुसता पुसता थांबला. त्याची बायको सविता भाकरी थापत होती, तीही थांबली. दत्ता म्हणाला, "किल्ली कुठं ठिवायची म्हून मीच आबांना इचारलं हुतं. आबा म्हणले, घरात सगळ्यात सेफ जागा कुठली? तिथं ठेव."

"मंग कुठं ठिवली?"

"डब्यात."

सविता परत भाकरी थापू लागली. "आत्याबाई, आमच्या माहेरी असंच झालं हुतं," ती म्हणाली. "आजीनं तिजोरीची किल्ली तिजोरीत ठिवली, चोरं नेतील म्हून. चोरांनी तिजोरीच नेली. पर किल्ली हरवली न्हाई कवा."

दुसऱ्या दिवशी दत्तानं डबा बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला. वाट बघण्याची गाणी संपल्यावर एक गोड मुलगी बोलू लागली. तक्रार नोंदवण्यात आली असून तिच्या निवारणासाठी तीन गोष्टी सादर कराव्यात, असं तिनं सांगितलं. खरेदीचं बिल, नोंदणीकृत मालकाच्या मोबाईलवर आलेला ओटीपी आणि मालक हयात नसल्यास मृत्यूचा दाखला.

"बिल डब्यात आहे," दत्ता म्हणाला.

"चालेल सर, त्याची प्रत काढून पाठवा."

"डबा बंद आहे."

"डबा सुरू झाल्यावर पाठवा सर. आम्ही थांबू."

ओटीपी हौसरावांच्या नंबरवर जात होता आणि तो नंबर बंद होता. चालू करायचा तर मालकानं स्वतः दुकानात येऊन अंगठा द्यावा लागतो. ते मयत आहेत असं सांगितल्यावर दुकानदारानं मृत्यूचा दाखला मागितला. तो दाखला दाखवला की नंबर कायमचा बंद होतो, हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. दाखला अर्थात डब्यात होता.

म्हणून विठाबाई स्वतः पंचायतीत गेल्या. तिथं माऊली नावाचा शिपाई कम लिपिक कम संगणकचालक असे. त्यानं खुर्ची पुसून दिली.

"मावशी, दाखला देतो की. पर रेकॉर्ड डब्यात हाय."

"तुमचंबी?"

"आबांनीच तर सल्ला दिला हुता. दोन्ही डबे एकाच दिवशी घेतले." त्यानं कपाटाकडं बोट केलं. कपाटावरचा डबा हळदीनं पिवळाधमक झाला होता. "तुमी घरी साधी पूजा केली आसंल. हितं सरपंचांच्या हस्ते झाली. सदस्य सगळे होते. जेवढे सदस्य तेवढे नारळ."

"मंग आता कसं?"

"ठराव झालाय ना. 'डबा पूर्ववत होईपर्यंत गावात कुणीही मयत झाल्याचे समजण्यात येऊ नये.' तवर आबा हायत बघा. मतदार यादीतबी हायत." त्यानं आवाज खाली आणला. "त्यांना पगारी अध्यक्ष करायचं घाटतंय सोसायटीचं."

विठाबाई घरी आल्या आणि त्यांनी गंजीवरच्या हौसरावांकडं पाहिलं. जिवंत माणसाच्या फ्लेक्सवर 'भावपूर्ण' लिहिलेलं बरं दिसत नाही, असं त्यांच्या मनात आलं.

शेवटी दत्ता आणि त्या दौंडला गेले. तिथं एका गाळ्यात डेटा परत काढून देणारे एक तज्ज्ञ बसत. पाटी मोठी होती, आवाज हळू होता. त्यांनी डिस्क आपल्या यंत्राला लावल्या, बराच वेळ पाहिल्या आणि त्यांचा चेहरा समाधानानं फुलला.

"फारच चांगलं काम झालंय," ते म्हणाले. "एक अक्षर इकडचं तिकडं नाही. आतलं सगळं जसंच्या तसं आहे."

"मंग काढा बाहेर," विठाबाई म्हणाल्या.

"बाहेर येणार नाही ना. तेच तर सांगतोय. किल्लीशिवाय हे कुणालाच उघडता येणार नाही. चोराला नाही, पोलिसाला नाही, सरकारला नाही."

"आन् आमाला?"

"तुम्हाला कसं येईल? तुम्ही 'कुणालाच'मध्येच येता."

"यंत्रं लावून एकेक किल्ली लावून बघितली तर?" दत्तानं विचारलं.

"बघता येईल. जगातली सगळी यंत्रं लावली तरी सूर्य विझेपर्यंत होईल का, सांगता येत नाही."

विठाबाईंनी विचार केला. "मंग अंधारात फोटो तरी कसा दिसायचा," त्या म्हणाल्या.

तज्ज्ञांनी लेटरहेडवर दाखला लिहून दिला. 'प्रमाणित करण्यात येते की, सदर डब्यातील संपूर्ण माहिती शंभर टक्के सुरक्षित आहे.' दत्तानं तो घडी करून खिशात घातला. वाटेत, भांडगावपाशी चहाला थांबल्यावर, त्यानं त्याचा फोटो काढून आळीच्या ग्रुपवर टाकला. त्याला फक्त काय झालं ते कळवायचं होतं. पण आळी अभियानात मुरलेली होती. गावात पोहोचेपर्यंत तालुक्यातली सर्वांत सुरक्षित आळी म्हणून सत्कार ठरलासुद्धा.

समारंभ मारुतीच्या पारावर झाला. डबा टेबलावर मखमलीवर ठेवला होता, त्याला शाल घातली होती. वक्ते म्हणाले, की आज जगात कुणाचीही माहिती कुणीही चोरतो, पण आपल्या आळीची माहिती आपणसुद्धा चोरू शकत नाही, ही लहानसहान गोष्ट नाही. टाळ्या झाल्या. हौसराव ठरावानुसार हयात असल्यामुळं श्रद्धांजली वाहण्यात आली नाही. ते प्रकृतीच्या कारणास्तव येऊ शकले नाहीत, असं निवेदकानं सांगितलं. पुढच्या टप्प्यात वरच्या आळीचे फोटो गोळा करण्याची घोषणा झाली आणि वरच्या आळीनं हात वर करून संमती दिली.

सोजरबाई मागं, भिंतीला टेकून बसल्या होत्या. माणसं चिवड्याच्या पुड्यांकडं वळली तेव्हा त्या विठाबाईंपाशी आल्या.

"बाई, सुरक्षित हायती म्हणं ते."

"हायती म्हणत्यात."

"पुढल्या पुनवेला वरीस होतंय. पोरं म्हणत्यात, मोबाइलवर चित्र काढून घेऊ कसलं तरी, यंत्राला सांगितलं की ते चेहरा बनवून देतं. म्या म्हणलं, यंत्राला सांगायचं काय पर?" सोजरबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "नाक आठवतंय. मिशी आठवती. डोळंबी. पर सगळं मिळून एका जागी येत न्हाई हो आता. रात्रंदिस जवळ असलेला माणूस, आन् येत न्हाई."

विठाबाईंच्या गळ्यात मघाचा सत्काराचा हार तसाच होता. त्यांनी तो काढून ठेवला.

"पुनवंच्या आत तुमाला फोटो आणून देते," त्या म्हणाल्या. "कागदाचा."

"कुठनं?"

"ते म्या बघते."

घरी दत्तानं हेच विचारलं. सवितानंही विचारलं. विठाबाईंनी तांब्या उपडा घातला, देवाला हात जोडले आणि सांगितलं, "शंकरराव कवा म्होरं उभं ऱ्हायलं न्हाईत. पर मागं उभं ऱ्हायले आसतील का न्हाई? कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशात, कारखान्याच्या पूजेत. लोकांच्या फोटोंत मागं कोनतरी आसतंच."

"आई, कुनाकडं आता कागदाचा फोटो हाय? आन् मागच्या माणसाकडं कोन बघतंय?"

"म्हून तर म्या जाते."

सकाळी त्यांनी पिशवीत भाकरी आणि चष्मा घातला. आधी केंदूरला शंकररावांच्या कारखान्यातल्या सोबत्याचं घर, मग जिथं जिथं कळेल तिथं. कुणाला न सांगता त्या फाट्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि आलेल्या जीपमध्ये मागच्या बाजूला, दाराशी बसल्या.

त्या तुमच्याकडंही येतील. आवाज हळू असेल, तुम्हाला कदाचित ऐकू यायचं नाही. पाणी सोडून दुसरं काही मागणार नाहीत. तुमच्या लग्नाचा फोटो तुम्ही पुष्कळदा पाहिला आहे आणि त्यात तुम्ही कसे दिसता ते तुम्हाला पाठ आहे. तुमच्या खांद्यामागं कोण उभं आहे, एवढंच त्यांना बघू द्या.