मेहुण्याचा पाडाव, अर्थात कोल्हारच्या वाळूवरील रणसंग्राम

श्री.

शके अठराशें ब्याण्णव, साधारण नाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी, रविवार, ते दिवशी प्रवरातीरी कोल्हार मुक्कामी शाळेच्या थोर दालनात मातीच्या फौजांचे जे घनघोर युद्ध जाहले, त्याची हकीकत लिहावी ऐसी कोणा थोराची आज्ञा नाही. परंतु बेलापुरी पारावर एक सांगतो हत्ती वीस होते, दुसरा सांगतो सहा, आणि तिसरा, जो ते दिवशी श्रीरामपुरास सिनेमात बसला होता, तोही डोळां देखिले म्हणोन शपथ वाहतो. याकरिता जैसे घडले तैसे, पदरचे काही न मिसळता, लिहिले असे. वाचणारांनी मेहेरबानी करोन चित्त द्यावे.

तरी बेलापुरी सहादेवराव म्हणोन एक गृहस्थ, पिठाच्या गिरणीचे धनी. भिवयांवर आणि मिशांवर पीठ बसोन ऐन पस्तिशीत ऋषितुल्य दिसत. स्वभाव बहुत मवाळ. दळणाच्या पाळीवरून बायांची कटकट उडाली की खासे गिरणीमागे जाऊन पट्टा तपासीत उभे राहात, आणि कटकट शमली की प्रकट होत. ऐसा पुरुष रणी कैसा उतरला म्हणाल, तर त्यास कारण मेहुणा.

मेहुणे कानिफनाथराव कोल्हारकर, सहादेवरावांच्या कुटुंब चांगुणाबाई यांचे थोरले बंधू. उसाचे मातबर बागाईतदार, जावा मोटारसायकलीचे स्वार; आवाज ऐसा की प्रवरेच्या अलीकडे राम राम घातला तर पलीकडची गुरे माना वर करीत. मन निर्मळ, परंतु जिव्हा तिखट. दोन वर्षांमागे भाऊबिजेस बेलापुरी आले, आणि भरल्या पंक्तीत भाकरी मोडता मोडता बोलोन गेले की, "दाजी, तुमच्या गिरनीचं पीठ खाऊन माज्या दातांना धार आली बगा." पिठात दगडाची कच येते, हा टोला ओळखोन पंक्ती हसली. चांगुणाबाईंनी हसू दाबावे म्हणोन पदर तोंडात धरिला, तो सहादेवरावांनी पाहिला, आणि मेहुण्याच्या बोलण्याहून तो पदरच त्यांस अधिक लागला. मग भरल्या ताटावरून उठले. कानिफनाथरावही, एवढे काय बोललो, म्हणोन रागेजले, आणि जावा सुरू करोन धूळ उडवीत निघोन गेले. ते दिवसापासोन गिरणीवाल्याच्या घराचे आणि कोल्हारचे दळणवळण तुटले. चांगुणाबाईंनी पुढील दोन भाऊबिजा चंद्रास ओवाळोन साजऱ्या केल्या. चंद्र नेमाने आला, परंतु एका शब्दाने थट्टा करीना, तेणेकरोन बाईस अधिकच रडू येई.

आता युद्धाचे मूळ. कोल्हारी शांतवन मास्तर म्हणोन चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांचा साडू नगरच्या छावणीत आचारी. तेथे फौजी अंमलदार थोर मेजावर वाळू पसरोन, टेकड्या आणि नद्या करोन, लाकडी रणगाडे पुढेमागे सारीत मसलती करितात, ते मास्तरांनी खिडकीतून पाहिले आणि वेडावले. घरी येऊन तीच विद्या मातीत उतरविली. परंतु नुसत्या रणगाड्यांत गावकऱ्यांचे मन रमेना, म्हणोन मग हत्ती केले, तिरंदाज केले, पंखांचे घोडे केले, राक्षस आणि वेताळ केले. आणि नाताळाच्या सुटीत गावोगावचे सामने लाविले. मिशा पिकलेले कारभारी मेजाभोवती ओणवे होऊन लढू लागले, आणि पोरांस मात्र हात लावू देईनात.

कायदा ऐसा: पाळी येईल त्याने फौज सुतळीने मोजून सरकवावी. भिडले की कवड्या फेकाव्या. उताणी कवडी म्हणजे घाव, पालथी म्हणजे वार फुकट, आणि कशास टेकून उभी राहिली तर ती पुन्हा फेकावी. दोहींकडे एकेक खासा, म्हणजे फौजेचा म्होरक्या. खासा पडला की फौज बुडाली. आणि मातीचा जीव पाण्यात विरघळतो, सबब नदी पुलावरोनच ओलांडावी; आणि पुलाचे तोंड गनिमाने धरिले तर पूल पडला समजावे.

सहादेवराव या विद्येत कैसे शिरले? वीज गेली की गिरणी बंद, आणि गिरणी बंद की करमेना. तेव्हा पिठाच्या ओट्यावर वाटाणे मांडोन सराव करीत. ऐसे करिता करिता राजूर, राहुरी वगैरे निशाणे एकामागोन एक खाली आली, आणि अखेरच्या लढाईस दोनच उरली: बेलापूरचे सहादेवराव आणि कोल्हारचे कानिफनाथराव.

हे वर्तमान कानिफनाथरावांच्या मातोश्री मुक्ताबाई यांस कळले. बाईंनी लेकास बोलाविले, जावयास निरोप धाडिला, आणि उभयतांस एकच फर्मान काढिले की, "जो हारंल त्यानं त्याच दिशी दुसऱ्याच्या घरी जायाचं आन् पोटभर जेवायचं. न्हाई जेवला तर मी अन्नाला शिवनार न्हाई." उभयतांनी तात्काळ मान्य केले, कारण आपण हरू ऐसे दोघांतील एकासही वाटत नव्हते.

मग रविवारी सकाळी सहादेवराव चांगुणाबाईंसह एस.टी.त बसोन मोहिमेस निघाले. कुल फौज भुश्श्यात गुंडाळोन पाटीत, पाटी मांडीवर, आणि खासा वेताळ सदऱ्याच्या खिशात. वाटेत गाडी खड्ड्यात आदळली आणि पंखांच्या घोड्याचा एक पंख गेला. कोल्हारी पोहोचताच कानिफनाथरावांनी अर्ज केला की, एका पंखाचा घोडा तो साधा घोडा समजावा. शांतवन मास्तर, जे पंच होते, त्यांनी अर्ज मंजूर केला. सहादेवराव घोडा मागे ठेविते जाहले, आणि त्या लंगड्या जनावराकडे पुढे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

मेज काय वर्णावे! प्रवरेची वाळू चाळोन पसरिली होती. मधोमध निळ्या लुगड्याची नदी, नदीवर फूटपट्टीचा पूल. बेलापूरच्या बाजूस पायली पालथी घालोन वर गोणपाट टाकिले, तो डोंगर. पलीकडे कोल्हारचे हत्ती काळे कुळकुळीत उभे, आणि मागे त्यांचा खासा राक्षस, वीतभर उंच, जबडा लाल, त्यास मिशा हुबेहूब कानिफनाथरावांच्या. भोवती बाकांवर तमाम गाव चढला होता.

प्रथम सहादेवरावांनी आपले भालेकरी पूल ओलांडोन पुढे घातले. हे साहस होते, आणि साहसाची सवय नव्हती. कानिफनाथरावांनी हत्ती सोडिले, आणि कवड्या ऐशा पडल्या की उताण्यावर उताण्या. भालेकरी मोडले, डावी फळी बुडाली, उरले ते पुलावरोन पळाले. कोल्हारकरांनी शिट्ट्या मारिल्या. सहादेवरावांच्या कपाळी घाम आला, आणि कानिफनाथराव मेजापलीकडोन त्यांजकडे पाहात होते, परंतु बोलत नव्हते. चिडविले असते तर बरे होते, ऐसे सहादेवरावांस वाटले. दोन वर्षांत हा मनुष्य इतक्या जवळ उभा राहिला नव्हता, आणि कानांजवळचे केस पिकले होते, ते आजच दिसले.

इतक्यात चहा आला आणि तहकुबी जाहली. सहादेवराव व्हरांड्यात पाण्याच्या टाकीपाशी गेले, तों चांगुणाबाई तेथे आधीच उभ्या.

"जिंकताय का न्हाई?" बाईंनी विचारिले.

"अवगड हाय. हारलो तर हारलो. येतो तुज्या भावाकडं जेवून, मिटवून टाकू."

"तुमी जाल वो," बाई बोलल्या, "तुमी मऊ हाय. पन त्याचं काय? आई सांगत हुती, त्यो गाडी बेलापूरच्या वेशीपतुर आनतो आन् तितनं माघारी वळवतो. लई बार झालंय असं. त्याला यायाला निमित्त पायजे. तुमी जिंकलात तरच त्यो माज्या दारात येईल." मग खाली पाहात बोलल्या, "आन् त्या दिशी मी हासले, ते चुकलं माजं."

सहादेवरावांनी टाकीची तोटी सोडिली. त्यांनी टाकीचे पाणी तोंडावर मारिले, भिवयांतले पीठ धुतले गेले, आणि ते जे आत परतले ते निराळेच गृहस्थ दिसत होते. कित्येकांनी ओळखिलेही नाही.

मग त्यांनी मसलत बदलिली. उरली फौज पुलापासोन दूर मागे घेतली, तिरंदाज वाळूच्या उंचवट्यावर बसविले, आणि पूल मोकळा सोडिला. बेलापूरकर कळवळले की, गिरणीवाल्याने हाय खाल्ली. कानिफनाथरावांसही तैसेच वाटले. त्यांनी खासा राक्षस पुढे घालोन स्वारी पुलावर लोटिली. राक्षस अलीकडे उतरोन डुलत चालला, आणि मागोन हत्ती फूटपट्टीवर दाटले. तेव्हा सहादेवरावांनी पायलीच्या डोंगराआडोन तो एका पंखाचा घोडा काढिला, सुतळी लाविली, आणि पुलाच्या तोंडाशी नेऊन उभा केला. पुलाच्या तोंडाचा कायदा सर्वांस ठाऊक होता, आणि सर्वच विसरले होते. शांतवन मास्तरांनी फूटपट्टी काढिली. पुलावरचे हत्ती नदीस मिळाले, बाकीचे पलीकडे सोंड हालवीत राहिले, आणि राक्षस अलीकडे एकटा पडला.

मग तिरंदाजांची फेक. राक्षसास पाडावयाचे तर एके फेकीत सहांतल्या पाच कवड्या उताण्या पाहिजेत. सहादेवरावांनी कवड्या ओंजळीत खुळखुळविल्या, डोळे मिटिले आणि फेकिल्या. चार उताण्या पडल्या. एक पालथी पडली. आणि एक गरगर फिरत गेली ती राक्षसाच्या पायाशी जाऊन थांबली.

सर्वांच्या माना मेजावर वाकल्या. सहादेवराव ओणवे होऊन पाहतात, तों कवडी राक्षसाच्या पायास टेकून उभी. बेलापूरकर ओरडले, उताणी! कोल्हारकर ओरडले, पालथी! चांगुणाबाई दारातोन डोळे वटारोन नवऱ्याकडे पाहात होत्या, की आता गप्प राहा. परंतु सहादेवरावांनी जन्मात कोणाच्या दळणातले मूठभर पीठ मागे ठेविले नव्हते. तोंड आपोआप उघडले.

"टेकलीय. परत टाकाया पायजे."

तेव्हा कानिफनाथराव ओणवे जाहले, बराच वेळ पाहिले, आणि बोलले, "उतानी हाय."

"न्हाई वो, टेकलीय."

"दाजी, राक्षस माजा, मला दिसंना व्हय? उतानी हाय."

"पाव्हनं, कायदा हाय. टेकलेली कवडी..."

"कायदा बियदा ऱ्हाऊ द्या! मी म्हंतो उतानी, तर उतानी!"

ऐसे उभय सेनापती आपापल्या पराभवाची वकिली करोन गळ्याच्या शिरा ताणू लागले, आणि दोन वर्षांत जितके बोलले नव्हते तितके एका श्वासात बोलले. शांतवन मास्तर हैराण जाहले. अखेर त्यांनी निवाडा दिला की, ज्याचे नुकसान तोच कबूल करितो, तेथे पंचाने काय बोलावे. तो निवाडा पुरा होण्याआधीच कानिफनाथरावांनी एका बोटाने आपला राक्षस वाळूत आडवा केला.

"पडला," म्हणाले. "आता आईचा हुकूम हाय. जेवाया जावं लागंल." आणि हे बोलताना त्यांचा चेहरा असा दिसला की जणू डोईवरची मोळी कोणी उतरविली. सहादेवरावांनी तो पाहिला, आणि पुढे कवडीविषयी चकार शब्द काढिला नाही.

मग शांतवन मास्तरांनी विजयी सेनापतीस हार घातला, चार शब्द भाषण केले, टाळ्या जाहल्या. हार गळ्यात घेऊन सहादेवराव वळोन पाहतात, तों मेहुणा नाही आणि कुटुंबही नाही. बाहेर जावाचा आवाज जाहला. मुक्ताबाई दारात येऊन सांगत्या जाहल्या की, "चांगुना गेली त्याच्या गाडीवर. सैपाक करायचा हाय म्हनं. जावाईबापू, तुमी या मागनं एस.टी.नं."

तेव्हा विजयी वीर वाळूतले भालेकरी वेचीत बसले. मोडलेले हात, सुटलेली शिरे, सर्व भुश्श्यात गुंडाळिले, पाटी भरिली, आणि एस.टी.ची वाट पाहिली. गाडी आली ती भरलेली. मग एका हाती वरचा दांडा आणि एका हाती पाटी, गळ्यात हार, ऐसे उभ्याने बेलापूर गाठिले. वाटेत एकाने विचारिले, लग्न कोणाचे?

दिवेलागणीस आळीच्या तोंडाशी आले, तोंच मेहुण्याचे हसणे ऐकू आले. त्या हसण्यावर हसणारी चांगुणाबाई, आणि यावेळी पदर तोंडात नव्हता, मोकळे हसत होती. सहादेवराव पाटी हातात घेऊन अंधुकशा उजेडात तैसेच उभे राहिले आणि ऐकत राहिले. घरात पाऊल घालोन पाहतात, तों त्यांच्याच पाटावर कानिफनाथराव मांडी ठोकून बसलेले, ताट चाटून पुसून लखलखीत, आणि चांगुणाबाई चवथी भाकरी वाढीत असलेल्या.

"या दाजी, या," पराभूत सेनापती उद्गारले, "बसा. लाजू नका, घर तुमचंच हाय."

येणेप्रमाणे कोल्हारची मोहीम फत्ते जाहली. गनिमाचा खासा पडला, त्याचे हत्ती नदीस मिळाले, आणि खुद्द गनीम बेलापुरी जेर होऊन तीन दिवस राहिला, जातो म्हणेना. विजयी सेनापती सहादेवराव यांस ते संध्याकाळी लुटीत अर्धे वांगे, तळाची आमटी आणि करपलेली एक भाकरी मिळाली, ती त्यांनी मेहुण्याशेजारी जमिनीवर बसोन, हार गळ्यात तैसाच ठेवून, बहुत आनंदाने खाल्ली. हकीकत इतकीच, खरी आणि पुरी असे.