सुदाम काकाजी आणि पिवळा दिवा

आमच्या गल्लीत कोणाकडे पाहुणा आला, की सुदाम काकाजी पाहुण्याच्या आधी त्याच्या गाडीची विचारपूस करतात. पाहुणा चपला काढेपर्यंत काकाजी ड्रायव्हरच्या दाराशी उकिडवे बसलेले असतात. मान वाकडी करून, स्टेअरिंगखाली हात घालून काहीतरी चाचपडत असतात. नवख्या माणसाला वाटतं, गाडीत साप शिरला. मग काकाजी खिशातून काडेपेटीएवढी डबी काढतात, खाली कुठेतरी खोचतात आणि मोबाइलकडे पाहत म्हणतात, "चाबी फिरवा बापू. पाहू, कुठं दुखते ते."

ही डबी म्हणजे गाडीचे दोष वाचायचं यंत्र. हल्लीच्या गाडीत काही बिघडलं की ड्रायव्हरसमोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि आत एक कोड लिहिला जातो. एक इंग्रजी अक्षर, पुढे चार आकडे. डबी तो कोड मोबाइलवर दाखवते. पांढुर्ण्याच्या गॅरेजांमध्ये अशी यंत्रं आहेतच, पण काकाजी मेकॅनिक नाहीत. ते जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर झाले.

"अख्खी नोकरी मुक्या जीवायच्या मागं हिंडलो, बापू," ते सांगतात. "गाईले इचारा, म्हशीले इचारा, कुठं दुखते माय? ते नुसती पाहे. अन् हे पाहा! लोखंड, पण सांगते!"

त्यांचं निदान बरोबर येतंच असं नाही. माझ्या गाडीचा कोड वाचून त्यांनी मला एक सेन्सर बदलायला लावला. नंतर कळलं, उंदराने वायर कुरतडली होती. मी तसं सांगितलं तर काकाजी जराही ओशाळले नाहीत. "तक्रार खरीच होती न तिची? उंदीर तिले दिसला नाही. मलेबी नाही दिसला. तिच्यावर काहून राग काढता?"

लोधीखेड्याच्या एका लग्नात मात्र प्रकरण अंगाशी आलं. वरबापाची गाडी मंडपाबाहेर उभी होती. काकाजींनी डबी लावली आणि वरात दारात आली असताना मोठ्यांदा वाचलं, "पी, झिरो, चारसोबीस!" बँडवाले नेमके थांबलेले. नवरीच्या मामाने तेवढ्यात म्हणून घेतलं, "आमाले पहिलेच वाटलं होतं!" वरबापाचा चेहरा असा झाला, की वरात परत फिरते की काय असं वाटलं. काकाजी बिचारे सगळ्यांना समजावत फिरले, की हा सायलेन्सरमधल्या धूर गाळायच्या जाळीचा कोड आहे, माणसाचा नाही. पंगतीत त्यांना जिलबी वाढायला कोणी आलं नाही.

त्यांचा एक नियम होता. मोबाइलवर एक बटण असतं, ते दाबलं की कोड पुसला जातो, दिवा विझतो. बिघाड तसाच राहतो. गाडी विकायची असली की लोक गळ घालायचे, "पुसून द्या न काकाजी." त्यावर ते चिडायचे. "ताप आला तं थर्मामीटर झटकून बरं वाटते काय? दुरुस्ती झाल्याबिगर मी पुसत नाही. ढोराच्या बाजारात जा, तिथं चालते असं."

माझं बाजारात चष्म्याचं दुकान आहे. काकू वारल्यावर काकाजी रोज तिथे येऊन बसू लागले. त्यांची मुलगी बंगळुरूला असते. घरी बोलायला कोणी नाही, हे मला कळत होतं. तरी तेच ते किस्से ऐकून कंटाळा यायचा. मग मी एखाद्या ग्राहकाकडे बोट दाखवायचो. "काकाजी, त्यांची गाडी आवाज करते म्हणतात." काकाजी खुशीत उठायचे. अर्धा तास माझी सुटका व्हायची. पुष्कळदा त्या गाडीला काही झालेलं नसायचं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाहीही, पण ते मनातून जात नाही.

या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तपासणीला सौसरला न्यायचं मी कबूल केलं. बहुधा आधीचं काहीतरी फेडायला. काकाजी म्हणाले, "माह्यीच गाडी घ्या. उभी राहून राहून तिचे हातपाय आखडले."

गाडी सुरू केली तर समोर पिवळा दिवा.

"काकाजी! गावाच्या गाड्या तपासता, अन् तुमच्याच गाडीचा दिवा?"

"राहू द्या. किरकोळ हाये," ते म्हणाले आणि लगेच यंदा संत्र्याला फळ कसं बारीक धरलं, ते सांगू लागले.

दवाखान्यात ते आत गेले. मी गाडीत बसून होतो. समोरच्या खणात डबी आणि काकाजींचा मोबाइल होता. मला वाटलं, या माणसाने सगळ्यांसाठी केलं, त्याच्यासाठी कोणी काही केलं नाही. डबी लावली. कोड आला, इंजिन हवं तेवढं गरम होत नाही असा. थर्मोस्टॅटचा, खरंच किरकोळ. पुढच्या आठवड्यात आपणच बदलून देऊ, तोवर डोळ्याला त्रास देणारा हा दिवा कशाला? मी बटण दाबलं. मोबाइलने विचारलं, नक्की पुसायचं? मी हो म्हटलं. त्यांचा नियम मला माहीत नव्हता असं नाही.

काकाजी काळा चष्मा लावून बाहेर आले. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, "दिवा विझवला तुमचा!"

ते गाडीत बसले. सौसर मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "पुसाच्या आधी बाकीचे आकडे पाहिले काय?"

"कोणते आकडे?"

मग त्यांनी सांगितलं. कोड लिहिला जातो, त्या क्षणी गाडी किती वेगात होती, इंजिन किती फिरत होतं, इंजिनातलं पाणी किती गरम होतं, हे सगळंही गाडी लिहून ठेवते. कोड पुसला की तेही जातं.

"तिगावले चाललो होतो, साळीच्या घरी," काकाजी म्हणाले. "थंडीच होती अशी. तुमची काकू बाजूले संत्रं सोलून राहिली होती. म्हणे, हळू घ्या न, सालटं खाली सांडून राहिले. म्हणून वेग अठ्ठावीस. नाही तं मी कुठं अठ्ठावीसनं चालवतो? तिनं फाक माह्या तोंडात देली, अन् हा दिवा लागला. पहिले तिनंच पाहिला. म्हणे, अवो, हे काय पेटलं?"

मी गाडी कडेला घेतली. मला चालवता येईना.

"मंग ते उन्हाळ्यात गेली. दुरुस्त केलं असतं तं पुसा लागलं असतं. म्हणून नाही केलं. कधीमधी डबी लावून पाहो. अठ्ठावीस." त्यांनी मागे वळून रस्ता पाहिला. "चला. इथं ट्रक येतात."

त्या रात्री मी नीट जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या." डोळ्यात औषध घालायला संध्याकाळी गेलो, तेव्हा पुन्हा मागितली. मग रोजच. औषध घालताना ते डोळा मिटू शकत नसत, आणि मी तेवढ्यात बोलून घ्यायचो. थर्मोस्टॅट बदलून आणतो म्हटलं, त्याला मात्र त्यांनी साफ नकार दिला.

पुढच्या तपासणीला पुन्हा त्यांच्याच गाडीने निघालो. सौसर जवळ आलं होतं. मी बोलत होतो, काकाजी खिडकीबाहेर कापसाच्या पऱ्हाट्या पाहत होते. तेवढ्यात समोर पिवळा दिवा लागला.

"थांबवा," काकाजी म्हणाले. "डबी लावा. वाचा. मले अजून बारीक दिसत नाही."

मी डबी लावली. तोच कोड होता. खाली नवे आकडे होते.

"वेग?"

"एकोणपन्नास."

"पाणी?"

"अडुसष्ट."

काकाजींनी दोन्ही आकडे ओठांतल्या ओठांत एकदा म्हटले. मग विचारलं, "दिवा लागला तेव्हा तुमी काय बोलून राहिले होते?"

मला आठवत होतं. सांगायची लाज वाटली. "माफी मागत होतो."

"हो न." त्यांनी माझ्या हातून डबी घेतली आणि खणात ठेवून दिली. "मंग झालं तं. एकदा लिहिल्या गेली. आता रोज रोज कायले मांगता? चला, डॉक्टर जेवाले उठून जाईन."